वजाबाकीचा धंदा

आमच्या छत्रपती संभाजीनगरात माणसाची ओळख अजूनही तीन प्रश्नांत आटोपते. मूळ गाव कोणते, राहता कुठे आणि करता काय? पहिल्या दोहोंना मी न अडखळता उत्तर देतो. मूळचे पैठणचे, हल्ली सिडकोत. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र माझे कायमचे वाकडे आहे. ‘मी कर्नलवर काम करतो’ असे म्हटले, की समोरचे गृहस्थ एकदम सावरून बसतात. आमच्या शहराला छावणी लागूनच आहे. तेव्हा हा प्राणी लष्करातला असावा, अशी त्यांची समजूत होते. माझ्या पोटाच्या घेराकडे पाहून ती समजूत डळमळू लागली, म्हणजे मी खुलासा करतो, की हा कर्नल पलटणीतला नव्हे, कॉम्प्युटरातला. एका आत्याबाईंना हा खुलासाही पुरला नाही. ‘पण ते निवृत्त झाल्यावर तुझं काय रे होणार?’ असे त्यांनी मोठ्या कळवळ्याने विचारले.

हा कर्नल निवृत्त होण्याची चिन्हे नाहीत. बदामाच्या आतल्या गराला इंग्रजीत याच उच्चाराचा शब्द आहे, आणि तोच अर्थ येथे घ्यायचा. मोबाइल किंवा कॉम्प्युटर वापरताना आपल्याला दिसते ते सारे टरफल: चित्रे, बटणे, अक्षरे. आत, कोणाच्याही दृष्टीस न पडता, एक कारभारी बसलेला असतो. यंत्राचा किती वेळ कोणत्या कामाला द्यायचा, स्मरणातली किती जागा कोणाला नेमून द्यायची, एकाने दुसऱ्याच्या जागेत पाय टाकला तर त्याला कसे अडवायचे, हे सर्व तो पाहतो. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या बाईसारखे त्याचे असते. तिने काय केले हे कोणी विचारीत नाही. एक दिवस तिने अंथरूण धरले, की मग कळते.

मी ज्या कर्नलावर काम करतो त्याचे नाव लिनक्स. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला, तेव्हा त्याच्या ओळी होत्या दहा हजारांच्या आसपास. आज त्या चार कोटींच्या घरात आहेत. जगभरच्या हजारो लोकांनी त्या लिहिल्या. तुमच्या खिशातला मोबाइल अँड्रॉइडवर चालत असेल, तर त्याच्या पोटात हाच कर्नल आहे. आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून पाचशेच्या पाचशे यंत्रे याच्याच तालावर चालतात.

इथपर्यंत सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पुन्हा आदर चमकू लागतो. मग मी तो स्वतःच्या हाताने घालवतो. मी या कर्नलात नवे काहीच करीत नाही. जुने साफ करतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला, अजून चालत असलेला, पण ज्यात दोष शिरायला जागोजाग फटी आहेत असा कोड वाचायचा, समजून घ्यायचा आणि त्या फटी बुजवायच्या. वर्षअखेर हिशेब मांडला, तर मी घातलेल्या ओळींपेक्षा काढलेल्या ओळी अधिक भरतात. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, मी हे प्रथम सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, ‘म्हणजे वजाबाकीचा पगार देतात तुला?’

प्रश्न थट्टेचा होता, पण खोटा नव्हता. बेरजेचा माणूस आपली बेरीज दाखवू शकतो. मी काय दाखवू? ‘हा अपघात झाला नाही’ असे दाखविता येत नाही.

आता या फटी कशा असतात ते सांगितले पाहिजे. कर्नल ज्या सी भाषेत लिहिला आहे, ती डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडविली. या भाषेत एखादे नाव स्मरणात ठेवायचे, तर ते कुठे संपले हे कळावे म्हणून शेवटी एक शून्य ठेवावे लागते. हे शून्य म्हणजे पत्राखालची सही. सही आली, की पत्र संपले. आता अशी कल्पना करा, की पोस्टकार्डांची एक चळत आहे आणि ती वाचणारा गडी अत्यंत आज्ञाधारक, पण अकलेने बेताचा आहे. सही दिसेपर्यंत वाचत जायचे, एवढेच त्याला ठाऊक. मामांनी आपले कार्ड इतके गच्च भरले, की सहीला जागाच उरली नाही, तर हा पठ्ठ्या मामांच्या कार्डावरून थेट खालच्या कार्डावर उतरतो आणि शेजाऱ्यांना आलेले सावकाराचे पत्र मामांचेच म्हणून खड्या आवाजात वाचू लागतो. कॉम्प्युटरात असे झाले, म्हणजे एकाची गुपिते दुसऱ्याच्या हाती पडतात, किंवा सगळे यंत्रच बसकण मारते.

‘स्ट्र-एन-कॉपी’ नावाची एक जुनी आज्ञा आहे. नक्कल करणे हे तिचे काम. ‘सोळा अक्षरे मावतात’ असे तिला सांगितले, की ती इमानाने सोळा अक्षरे भरते. मजकूर लहान असला, तर उरलेल्या जागेत शून्ये भरते. मजकूर बरोबर सोळांचा किंवा अधिक निघाला, तर सही गुल! तिला मूर्ख ठरविण्याची मात्र घाई करू नये. जुन्या युनिक्समध्ये फाइलच्या नावासाठी चौदा अक्षरांचा ठराविक रकाना असे. रकाना संपला तेथे नाव संपले. सहीची गरजच नसे. त्या कामाला ही आज्ञा अगदी नेमकी होती. पुढच्या लोकांनी ती वाटेल तेथे वापरली. उलथन्याने डब्याचे झाकण उघडावे, तशातला हा प्रकार. झाकण उघडते, म्हणून चूक ध्यानात येत नाही. आणि एक दिवस उलथने हातात शिरते.

२०१५ साली कर्नलात ‘स्ट्र-एस-कॉपी’ नावाची नवी आज्ञा आली. ती शेवटची जागा सहीसाठी नेहमी राखून ठेवते आणि मजकूर मावला नाही, तर तसे स्पष्ट सांगते. मग जुने नाव खोडून सगळीकडे नवे लिहिले, की झाले! पाच मिनिटांचे काम, असे कोणालाही वाटेल. येथेच खरी गोम आहे. एका ठिकाणी सही हवीच असते. तेथे नवी आज्ञा बिनधोक चालते. दुसऱ्या ठिकाणी ते कार्ड जसेच्या तसे बाहेर कोणाकडे जाणार असते, आणि उरलेली जागा जुनी आज्ञा शून्यांनी भरीत होती म्हणून सगळे सुरळीत होते. तेथे नुसती नवी आज्ञा घातली, तर न पुसलेल्या पाटीवरचा कालचा हिशेब आजच्या मजकुराबरोबर बाहेर पडेल. तिसऱ्या ठिकाणी समोरच्या यंत्राला खरोखरच तो जुना, बिनसहीचा रकाना हवा असतो. तेथे सही राखायला गेलो, तर नावाचे शेवटचे अक्षर जाते. तिन्ही ठिकाणची ओळ दिसायला अगदी एकसारखी. कोणती कोणत्या जातीची, हे ती लिहिणाऱ्याच्या मनात शिरल्याशिवाय कळत नाही. म्हणून एका ओळीला कधी अर्धा दिवस लागतो. याच जुन्या आज्ञेची ‘स्ट्र-एल-कॉपी’ नावाची एक बहीण होती. तीही अशीच धोक्याची. एकेक जागा तपासून बदलता बदलता शेवटी २०२४ साली ती कर्नलातून कायमची गेली. त्या दिवशी जगात कोणाला काही जाणवले नाही.

हे सगळे मी अण्णांना पोस्टकार्डाच्या दृष्टान्तासह समजावून दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘हे तर आमचंच काम आहे की रे.’ अण्णांची सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. या शहराच्या पोटात काय काय पुरलेले आहे, हे त्यांना घरातल्या कपाटासारखे पाठ. मलिक अंबरने १६१० साली येथे खडकी वसविली आणि पुढल्या काही वर्षांत डोंगराकडचे पाणी जमिनीखालून गावात आणले. ती नहर-ए-अंबरी. पंप नाही, इंजिन नाही. चर, खापरी नळ आणि जमिनीचा उतार, एवढ्यावर ती शतकानुशतके गावाला पाणी पाजीत राहिली. पाणचक्कीच्या हौदात भिंतीवरून कोसळणारे पाणी पाहायला सहली येतात. तेही असेच जमिनीखालून दुरून आणलेले. या नहरींना मधून मधून आत उतरण्याची तोंडे ठेवलेली असत, वर दगडी झाकणे. अण्णा सांगतात, ‘अंगणातलं ते झाकण बघून घरमालकाला वाटायचं, हे काय जुनं धोंड! तो त्यावर मस्त ओटा बांधायचा. पाणी काही त्या दिवशी थांबायचं नाही. पण आत गाळ साचला, की उतरायचं कुठून?’ आणि मग त्यांनी मला आपल्या खात्यातला नियम सांगितला: ज्या कॉकचा उपयोग कळत नाही, त्याला हात लावण्याआधी गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचे.

माझ्या गल्लीतही म्हाताऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या गोष्टीला ‘बिग कर्नल लॉक’, म्हणजे कर्नलाचे मोठे कुलूप, असे म्हणत. ही गोष्ट वाड्यात राहिलेल्यांना लगेच पटेल. वाड्यात एकच बिऱ्हाड असले, तर नळ एक असून चालतो. बिऱ्हाडे वाढली, की भांडी आपटू लागतात. लिनक्सचेही तेच झाले. एका यंत्रात एकाहून अधिक प्रोसेसर येऊ लागले, तेव्हा १९९६ साली सोय म्हणून एकच मोठे कुलूप घातले गेले: ज्याच्या हाती किल्ली त्यानेच कर्नलात शिरावे, इतरांनी दारात थांबावे. तात्पुरती सोय म्हणून हे उत्तम होते. पण तात्पुरत्या सोयीइतके दीर्घायुषी जगात दुसरे काही नसते. लोकांनी त्या कुलपाच्या भरवशावर खोल्यांमागून खोल्या बांधल्या, आणि आपण हे कुलूप नेमके कशाच्या राखणीसाठी लावतो आहोत, हे लिहून ठेवण्याचे कोणाच्या मनात आले नाही. पुढे ते काढायचे ठरले, तेव्हा अडचण कुलपाची नव्हतीच. त्याच्या आड कोणाचे काय ठेवले आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. एकेक खोली उघडून, आतल्या प्रत्येक वस्तूला तिचे स्वतंत्र लहान कुलूप देत देत हे काम चालले. जर्मनीतल्या आर्न्ड बर्गमान यांनी त्यातला मोठा भार उचलला आणि २०११ साली मोठे कुलूप निघाले. लावायला एक पावसाळा पुरला असेल. काढायला पंधरा वर्षे लागली.

एवढा खटाटोप कशासाठी, चालते आहे ते चालू द्यावे, असे कोणी म्हणेल. त्याला मी २०१६ सालची ‘डर्टी काऊ’ ऐकवतो. नाव मळक्या गाईचे, पण गाय मोठी मारकी. स्मरणातल्या पानाची नक्कल करून मगच त्यावर लिहायचे, असा कर्नलाचा एक नियम आहे. त्या नियमात क्षणभराची एक फट होती. दोन कामांची अचूक गाठ पडली, तर ज्या फाइलला केवळ वाचण्याची परवानगी आहे, तिच्यावर साधा वापरणारादेखील लिहू शके, आणि त्या वाटेने यंत्राचा मालक होऊन बसे. ही फट २००७ पासूनच्या कर्नलांत होती. नऊ वर्षे जगभरची यंत्रे तिच्यासह सुखाने चालली! मौज अशी, की स्वतः टोरवाल्ड्स यांनी हाच दोष त्याआधी, २००५ साली, दुरुस्त करून पाहिला होता. परंतु त्या दुरुस्तीने एका निराळ्या जातीच्या यंत्रावर अडचण आली, म्हणून ती मागे घ्यावी लागली. २०१६ मध्ये पक्की दुरुस्ती करताना त्यांनी ही सारी हकीकत त्याच दुरुस्तीच्या टिपणात लिहून ठेवली. जग ज्याला गुरू मानते, तो माणूस जुना हिशेब असा चारचौघांत मांडतो, हे मला त्या दुरुस्तीइतकेच मोलाचे वाटते.

दोष सापडल्यावर तो काढणे, ही झाली डॉक्टरी. आमचे काम त्याच्या अलीकडचे. पुढचा माणूस थकलेला असेल, घाईत असेल, त्याच्या घरी मूल आजारी असेल. तरीही त्याच्या हातून ती चूक होऊच नये, अशी जागा तयार करून ठेवायची. जिन्याला कठडा लावावा तसे. कठड्याने कोणाला वाचविले, याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

नोंद होते ती मात्र फार विलक्षण. कर्नलाची प्रत्येक ओळ कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली, याची एक चोपडी असते. ‘ब्लेम’, म्हणजे ‘दोष कोणाचा’, अशा कठोर नावाची एक आज्ञा दिली, की ओळीपुढे माणसाचे नाव उभे राहते. परंतु ही चोपडी २००५ च्या एप्रिलात सुरू झाली. त्याआधीची ओळ निघाली, तर शोध त्या तारखेच्या भिंतीवर आपटतो आणि सगळे टोरवाल्ड्स यांच्या नावावर दिसते, कारण त्या दिवशी सारे घर त्यांनीच एकगठ्ठा नव्या चोपडीत चढविले. त्या भिंतीपलीकडच्या माणसांशी माझे एक नाते जडले आहे. एखाद्या ओळीशेजारी कोणी लिहिलेले असते, की हे असे का करावे लागते मला कळलेले नाही, पण याशिवाय यंत्र चालत नाही. रात्री दोन वाजता लिहिले असेल बिचाऱ्याने! त्याला हसावेसे वाटत नाही. त्याच्याकडे कागदपत्रे नव्हती, यंत्र उसने असेल, आणि तरीही त्याने ते चालविले. त्याच्यामुळेच तर आज मला साफ करायला काही आहे.

आमच्या या कामाला एकेकाळी ‘कर्नल जॅनिटर्स’ असे नाव होते. जॅनिटर म्हणजे झाडलोट करणारा. या शतकाच्या आरंभी काही मंडळींनी ते आपण होऊन घेतले आणि अभिमानाने मिरविले. मला ते ऐकताना नेहमी गाडगेबाबा आठवतात. गावात पाऊल टाकताच बाबा आधी खराटा हाती घेत; कीर्तन मागाहून, रात्री. त्या बाबांना आपण डोक्यावर घेतले, पण खराटा खालीच ठेवला. झाडणाऱ्याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे केले गेले, आणि त्याचा अंश आपल्या सुशिक्षित डोक्यांतून अजून गेलेला नाही. नवे बांधणारा तो हुशार, जुने सांभाळणारा तो उरलेला, अशी वाटणी आपल्या कचेऱ्यांतही असते. माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र पुण्याला असतो. तो दरवर्षी मला विचारतो, ‘काय रे, अजून पुसतोयस का?’ मी म्हणतो, ‘हो, पुसतोय.’

गेल्या वर्षी एका जुन्या नेटवर्क कार्डाचा कोड माझ्या वाट्याला आला. फटी अनेक, राखणदार कोणी नाही. हा कोड अजिबातच काढून टाकावा का, असा प्रश्न निघाला. आमच्याकडची रीत अशी, की आधी जाहीर विचारायचे: हे कोणी वापरते आहे का? बरेच दिवस उत्तर आले नाही. मग दूरदेशीच्या एका गृहस्थाचे चार ओळींचे पत्र आले. त्याच्या लहानशा कारखान्यातले एक जुने यंत्र याच कार्डावर चालते. दुसरे घेण्याची त्याची ऐपत नाही. कृपा करून काढू नका. आमच्या दृष्टीने तो कोड म्हणजे अडगळ होती, त्या गृहस्थाची ती भाकरी होती. तेव्हा काढायचे नाही, साफ करायचे, असे ठरले. पण साफ केलेले चालते की नाही, हे ते कार्ड हाती असल्याशिवाय पाहणार कसे?

कार्ड अण्णांनी मिळविले. जुन्या बाजारात ओळखीच्या भंगारवाल्याकडे बसून, चहा पिऊन, दोन पोती उपसून त्यांनी ते शोधून काढले. ते लावायला तितकाच जुना कॉम्प्युटर हवा होता, आणि तो आमच्या माळ्यावर होता. नेमकी त्याच वेळी सौभाग्यवतींची दिवाळीची साफसफाई चालली होती आणि भंगारात द्यायच्या वस्तूंच्या यादीत त्याचा पहिला नंबर होता. मी अडविले, तेव्हा ती म्हणाली, ‘अहो, साऱ्या जगाचा माळा तुम्ही साफ करता. घरचा माळा तेवढा तसाच ठेवायचा का?’ यावर शास्त्रशुद्ध उत्तर नव्हते. अण्णा मध्ये पडले. म्हणाले, ‘सूनबाई, चार दिवस थांब. एका माणसाचं पाणी त्या नळावर आहे.’

तो चार दिवस हॉलमध्येच होता. फराळाचे डबे एकीकडे आणि उघड्या पोटाचा तो कॉम्प्युटर दुसरीकडे. मी जागा बदलत होतो, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करीत होतो, आणि अण्णा खुर्ची ओढून कार्डावरच्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे पाहत होते. एकूण २३ ओळी नव्या झाल्या, ६० गेल्या. तिसऱ्या रात्री सगळे तपासून झाले. बदल पाठविण्यापूर्वी त्याच्याखाली स्वतःचे नाव घालून हमी द्यावी लागते. २००४ पासूनची ही रीत आहे. ती सही मी केली आणि टपाल रवाना केले.

अण्णांनी विचारले, ‘आता त्या माणसाला काय फरक दिसेल?’

‘काही नाही. पूर्वी चालत होतं तसंच चालेल.’

‘काहीच दिसणार नाही?’

‘काहीच नाही.’

अण्णांनी समाधानाने चष्मा घडी करून खिशात ठेवला. ‘मग नीट झालं,’ ते म्हणाले, आणि झोपायला गेले.